मूळ हलकं, प्लगइन वेगळी: छोट्या डेस्कटॉप प्रोग्रामचं डेबियन पॅकेज

तालुक्याच्या एका शाळेत दहा जुने संगणक होते. रॅम जेमतेम दोन जीबी आणि इंटरनेट म्हणजे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. मी लिहिलेला टिपणवहीचा छोटा प्रोग्राम तिथे बसवायचा होता. प्रोग्राम स्वतः अगदी किरकोळ, पायथॉनच्या पाच-सहा फाइल्स. पण पॅकेज करताना मी फोटोतला मजकूर वाचायची सोय, टिपणांचा इतिहास गिटमध्ये ठेवायची सोय, पीडीएफ, सगळ्यांना लागणारं सामान एकाच ओळीत कोंबलं होतं. पहिल्याच मशीनवर पॅकेजं आणून बसवणाऱ्या अ‍ॅप्टने काय काय उतरवणार याची यादी दाखवली आणि ती स्क्रीनवर मावेना. सरांनी शांतपणे विचारलं, "वहीच हवी होती ना?"

त्या दिवशी काहीही न बसवता परत आलो. नंतर पॅकेजचे तुकडे केले, तेव्हा जे कळलं ते इथे पहिल्यांदाच पॅकेज करणाऱ्यांसाठी लिहितो आहे. उदाहरण तोच प्रोग्राम, नाव 'टिपण', पायथॉन आणि जीटीके (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) यांत लिहिलेला. पॅकेज डेब प्रकारचं, म्हणजे डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट आणि सी-डॅकचं बॉस लिनक्स यांच्यावर चालणाऱ्या जातीचं. मात्र एका सिस्टिमवर बांधलेलं दुसरीवर तपासल्याशिवाय देऊ नका. पॅकेजांची नावं आणि आवृत्त्या सगळीकडे सारख्या नसतात. कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चारली जातात तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत करायची. पॅकेजच्या नावात तर छोटी रोमन अक्षरं, अंक, अधिक-उण्याची चिन्हं आणि टिंब एवढंच चालतं.

आधी कागद-पेन

कीबोर्डला हात लावायच्या आधी कागदावर प्रोग्रामच्या सगळ्या सोयी लिहून काढा. प्रत्येक सोयीपुढे तिला बाहेरून काय लागतं ते लिहा. माझी यादी अशी होती: लिहिणं-वाचणं-शोधणं (पायथॉन, जीटीके), शब्दमोजणी (काही नाही), फोटोवरून मजकूर (टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम आणि त्याचा मराठी डेटा), इतिहास (गिट), पीडीएफ (एक भलीमोठी लायब्ररी).

नवीन माणूस इथे हमखास चुकतो. तो कोडच्या आकारावरून विभागणी करतो: मोठी सोय वेगळ्या पॅकेजात, छोटी मूळ पॅकेजात. खरा निकष वेगळा आहे. ती सोय आपल्या मागे काय ओढून आणते ते बघायचं. माझं ओसीआरचं, म्हणजे फोटोतला मजकूर वाचायचं, प्लगइन (मूळ प्रोग्रामला जोडायचा तुकडा) साठ-सत्तर ओळींचं आहे, पण ते अख्खं टेसरॅक्ट घेऊन येतं. म्हणून ते वेगळं. शब्दमोजणीचा कोड त्याच्या दुप्पट आहे, पण त्याला बाहेरचं काहीच लागत नाही. त्याचं वेगळं पॅकेज करणं म्हणजे उगाच एक नाव वाढवणं. ज्याला वेगळी डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरून लागणारं सामान, नाही त्याला वेगळं पॅकेज नाही, एवढा नियम धरलात तरी निम्मं काम झालं.

याच यादीने माझं एक प्लगइन वाचवलं, म्हणजे करण्यापासून वाचवलं. जीटीकेच्या छपाईच्या खिडकीत 'फाइलमध्ये छापा' हा पर्याय असतोच आणि त्यातून पीडीएफ निघते. एवढी मोठी लायब्ररी मी कशासाठी ओढत होतो? ते प्लगइन खोडलं. उरली दोन: ओसीआर आणि गिट.

मोठे प्रकल्पही असंच करतात. जीनी हा हलका कोड एडिटर घ्या. डेबियनमध्ये त्याची प्लगइन्स 'जीनी-प्लगइन-' असं सुरुवातीला लावून एकेक वेगळ्या पॅकेजात मिळतात, आणि सगळी हवी असतील त्याच्यासाठी 'जीनी-प्लगइन्स' नावाचं एक गठ्ठा-पॅकेज आहे. एक्सएफसीईच्या थुनार या फाइल मॅनेजरचं झिप-बिप हाताळणारं प्लगइनही वेगळंच मिळतं. नावांची ही पद्धत उचला. शोधणाऱ्याला मूळ नाव टाइप केलं की खाली सगळी भावंडं दिसतात.

उसळ, पाव आणि ताक

डेबियनमध्ये एका पॅकेजचं दुसऱ्याशी नातं सांगायचे तीन मुख्य शब्द आहेत: डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स. मला ते मिसळीच्या टेबलावर नीट समजले. उसळ नसेल तर ती मिसळच नव्हे, ते डिपेंड्स. पाव न मागता येतो, पण "पाव नको" म्हणालात तर मिसळ अडत नाही, ते रेकमेंड्स. ताक फळ्यावर लिहिलेलं असतं, मागितलं तरच येतं, ते सजेस्ट्स.

पावाची गोष्ट लक्षात ठेवा. डेबियन ५.० म्हणजे लेनी, २००९, तेव्हापासून अ‍ॅप्ट रेकमेंड्समधली पॅकेजंही आपोआप बसवतं. त्याआधीच्या काळातले सल्ले अजून इंटरनेटवर फिरतात आणि "जरा जास्तीचं काही असेल तर रेकमेंड्समध्ये टाका" असं सांगतात. तसं केलंत तर शाळेतली यादी पुन्हा तेवढीच लांब होईल. डेबियनच्या धोरण-दस्तऐवजात रेकमेंड्सचा अर्थ असा आहे की अगदी वेगळी परिस्थिती सोडली तर ही दोन पॅकेजं एकत्रच सापडतील. ओसीआर त्यात बसत नाही. ते सजेस्ट्स.

मग रेकमेंड्समध्ये माझ्याकडे काय उरलं? फाँट. यावर मी बराच घोळ घातला. देवनागरी फाँट नसेल तर टिपणात नुसते चौकोन दिसतात, म्हणजे तो डिपेंड्स हवा असं आधी वाटलं. पण ज्याच्याकडे आधीच त्याच्या आवडीचा फाँट आहे, त्याच्यावर आणखी एक का लादायचा? शेवटी रेकमेंड्समध्ये दोन नावं मध्ये उभी रेघ देऊन लिहिली: आधी लोहित देवनागरीचं मराठी पॅकेज, मग नोटोचं मुख्य पॅकेज. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. यातलं एक जरी आधीपासून असेल तर अ‍ॅप्ट दुसरं आणत नाही. एकही नसेल तर पहिलं आणतं. म्हणून पहिलं कोणतं लिहायचं याला अर्थ आहे. लोहितचं मराठी रूप मी पहिलं ठेवलं, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. शाळेतल्या पोरांना हिंदी वळणाचा ल दाखवून "हे काय?" ऐकायची माझी तयारी नव्हती.

चौथा शब्द एन्हान्सेस. तो सजेस्ट्सच्या उलट दिशेने चालतो आणि प्लगइनच्या बाजूला लिहितात: "मी त्या पॅकेजला सुधारतो." उद्या दुसऱ्या कुणी टिपणसाठी प्लगइन लिहिलं, तर त्याला माझ्या पॅकेजमध्ये बदल करून घ्यायची गरज नाही.

प्रोग्रामला प्लगइन शोधायला शिकवा

पॅकेज कितीही नीट तोडलं, तरी प्रोग्राम सुरू होतानाच टेसरॅक्ट मागत असेल तर सगळं फुकट. आधी कोड सुधारावा लागतो.

माझ्याकडे मुख्य प्रोग्राम सुरू झाला की 'यूएसआर/शेअर/टिपण/प्लगइन्स' या फोल्डरमध्ये डोकावतो. ज्या फाइल्स सापडतील त्या एकेक करून इम्पोर्ट करतो, आणि प्रत्येक इम्पोर्टभोवती स्वतंत्र ट्राय-एक्सेप्ट आहे. स्वतंत्र हे महत्त्वाचं. सगळ्यांभोवती एकच घातलात तर एक बिघडलेलं प्लगइन बाकीच्यांनाही घेऊन बुडतं. चूक आली तर ती लॉगमध्ये लिहायची आणि पुढे जायचं. फोल्डर रिकामं असलं किंवा नसलंच, तरी प्रोग्रामने हूं की चूं न करता उघडलं पाहिजे.

दुसरं फोल्डर घरचं: वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट लोकल/शेअर' खाली टिपणचं स्वतःचं प्लगइन-फोल्डर. पॅकेज न करता नवीन प्लगइन तपासायला ते बरं पडतं.

जे प्लगइन बसलेलं नाही त्याचा मेन्यू दाखवायचा की नाही? काही जण राखाडी रंगात दाखवतात. मला ते खुपतं. दहा वर्षांच्या मुलाला न दाबता येणारं बटण दिसलं की तो ते पन्नास वेळा दाबतो. मी मेन्यू लपवतो.

'डेबियन' नावाचं फोल्डर

आता हत्यारं बसवा: बिल्ड-इसेन्शियल, डेबहेल्पर, डेवस्क्रिप्ट्स आणि लिंटियन. प्रोग्रामच्या कोडच्या फोल्डरमध्ये 'डेबियन' नावाचं फोल्डर करा. त्यात चार फाइल्स लागतात: कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट. शिवाय 'सोर्स' नावाच्या उपफोल्डरमध्ये फॉरमॅट नावाची एका ओळीची फाइल.

कॉपीराइटमध्ये तुमचा परवाना लिहा आणि आयकॉन दुसरीकडून घेतला असेल तर त्याचाही लिहा. लोक आयकॉन विसरतात.

रूल्स ही मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या कमांडांची फाइल, आहे. आज ती तीन-चार ओळींत संपते, कारण डेबहेल्परची 'डीएच' ही कमांड सगळं उचलते. दोन गोष्टी मात्र सांभाळा. आतली ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे, चार स्पेसने नाही. तुमचा एडिटर टॅबचे स्पेस करत असेल तर त्याला आवरा. आणि फाइलला चालवण्याची परवानगी द्या.

चेंजलॉग दिसायला साधा, पण स्वभावाने तापट. पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, कंसात आवृत्ती, वितरणाचं नाव, अर्धविराम आणि अर्जन्सी (बदल किती तातडीचा ते). मग दोन स्पेस सोडून तारांकित नोंदी. शेवटच्या ओळीत सुरुवातीला एक स्पेस, दोन डॅश, नाव, ईमेल, मग बरोबर दोन स्पेस आणि तारीख. हाताने लिहू नका. डेवस्क्रिप्ट्समधली 'डीसीएच' कमांड हे सगळं मांडून देते.

आवृत्तीबद्दल एक युक्ती. चाचणीची आवृत्ती देताना '१.०' नंतर टिल्ड म्हणजे नागमोडी चिन्ह आणि मग 'बीटा१' असं लिहा. टिल्ड लावलेली आवृत्ती नुसत्या १.० पेक्षा जुनी धरली जाते, त्यामुळे खरी १.० आली की बीटावाले आपोआप पुढे सरकतात. टिल्डऐवजी टिंब दिलंत तर बीटा खऱ्यापेक्षा नवीन ठरेल आणि चाचणीवाले तिथेच अडकून राहतील.

कंट्रोल: एक सोर्स, चार पॅकेजं

सगळ्या विभागणीचा कणा ही फाइल. तिच्यात परिच्छेद असतात, मध्ये एकेक रिकामी ओळ. पहिला परिच्छेद सोर्सचा: नाव, सांभाळणाऱ्याचा ईमेल, आणि बांधणीसाठी काय लागतं ते. तिथे 'डेबहेल्पर-कॉम्पॅट' बरोबर १३ असं लिहा.

त्याखाली प्रत्येक तयार होणाऱ्या पॅकेजचा एक परिच्छेद. आपल्याला चार हवीत: टिपण, टिपण-प्लगइन-ओसीआर, टिपण-प्लगइन-गिट आणि टिपण-पूर्ण. सगळा कोड पायथॉनचा असल्याने चारही ठिकाणी आर्किटेक्चर 'ऑल', म्हणजे कुठल्याही प्रोसेसरवर चालणारं. सीमध्ये लिहिलेलं काही असतं तर 'एनी' लागलं असतं.

मूळ पॅकेजच्या डिपेंड्समध्ये पायथॉन, पायथॉनला जीटीकेशी जोडणारं जीआय पॅकेज, आणि जीटीकेचं 'जीआयआर' ने सुरू होणारं पॅकेज. हे तिसरं हाताने लिहायचं. कोडमध्ये जीटीकेचं नाव दिसत असलं तरी बांधणीची हत्यारं ते स्वतःहून ओळखत नाहीत, आणि तुमच्या मशीनवर ते आधीच असल्यामुळे तुम्हालाही चूक दिसत नाही. ती दिसते दुसऱ्याच्या मशीनवर. डॉलर-महिरपी कंसातला 'मिस्क डिपेंड्स' हा शब्दही प्रत्येक परिच्छेदात ठेवा.

ओसीआरच्या डिपेंड्समध्ये टेसरॅक्ट-ओसीआर आणि टेसरॅक्ट-ओसीआर-मार. 'मार' म्हणजे मराठी, तीन अक्षरांचा भाषासंकेत. टेसरॅक्ट बसवलं की इंग्रजीचा डेटा सोबत येतो, मराठीचा येत नाही. तो विसरलात तर प्लगइन आजोबांच्या पत्राचं रोमन अक्षरांत भुताटकीसारखं काहीतरी वाचून दाखवेल. हस्ताक्षर तसंही त्याला जमत नाही, छापील पानांवरच भरवसा ठेवा.

प्रत्येक प्लगइनच्या डिपेंड्समध्ये मूळ टिपणही हवं, आणि बरोबर त्याच आवृत्तीचं. त्यासाठी आवृत्तीचा आकडा न लिहिता डॉलर-महिरपी कंसात 'सोर्स व्हर्जन' लिहा. बांधताना तो आपोआप भरला जातो. एकाच सोर्समधून सगळं निघत असताना हे सगळ्यात सोपं. नवीन टिपण आणि जुनं प्लगइन अशी जोडी जमूच शकत नाही. प्लगइन्स वेगवेगळ्या माणसांची असतील तर मात्र हे अति कडक होतं. तिथे मूळ पॅकेजने प्लगइन-इंटरफेसचा आकडा असलेलं एक आभासी नाव प्रोव्हाइड्समध्ये जाहीर करावं आणि प्लगइनने त्या नावावर अवलंबावं. इंटरफेस बदलला की आकडा बदला.

उलट दिशेने मूळ पॅकेजच्या डिपेंड्समध्ये प्लगइन कधीही लिहू नका. दोघं एकमेकांवर अवलंबली की ती दोन पॅकेजं राहत नाहीत, एकच होतं, फक्त दोन फाइलींत.

टिपण-पूर्ण हे गठ्ठा-पॅकेज. त्यात प्रोग्रामची एकही फाइल नाही, फक्त "हे सगळं आण" एवढी चिठ्ठी. त्यात प्लगइन्स डिपेंड्सऐवजी रेकमेंड्समध्ये लिहा, हा माझा आग्रह. डिपेंड्स लिहिलंत आणि कुणी फक्त गिटचं प्लगइन काढलं, तर गठ्ठाही निघतो. मग ओसीआर आणि खुद्द टिपण यांना धरून ठेवणारं कुणी उरत नाही, आणि पुढच्या ऑटोरिमूव्हला (कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणाऱ्या कमांडला) तीही जाऊ शकतात. माणसाने एक काढलं, गेली सगळी. रेकमेंड्स असेल तर एक काढलं तरी गठ्ठा जागेवर राहतो.

वर्णनाची पहिली ओळ ऐंशी अक्षरांच्या आत, आणि तिच्यात 'हे एक उत्तम सॉफ्टवेअर आहे' असलं काही नको. पुढच्या ओळी एका स्पेसने सुरू होतात. प्लगइनच्या वर्णनात ते काय ओढून आणेल हे एका वाक्यात सांगा. हॉटस्पॉटवाल्या सरांसाठी.

कोणती फाइल कुठल्या पॅकेजात

पॅकेज एकच असतं तेव्हा डेबहेल्पर सगळं आपोआप त्यात टाकतो. एकाहून जास्त झाली की तो अंदाज बांधणं सोडतो आणि तुम्हाला विचारतो. विचारण्याची जागा म्हणजे डेबियन फोल्डरमधल्या पॅकेजच्या नावाच्या, 'डॉट इन्स्टॉल'ने संपणाऱ्या फाइल्स. प्रत्येक ओळीत आधी कोडमधली फाइल, मग स्पेस, मग ती जिथे ठेवायची ते फोल्डर. ओसीआरच्या फाइलमध्ये माझ्याकडे दोनच ओळी आहेत: एक प्लगइनची, एक त्याच्या माहितीफाइलची.

इथला खड्डा असा: दुसरा शब्द नेहमी फोल्डरच असतो, नवीन नाव नव्हे. 'टिपण डॉट पीवाय'ला 'यूएसआर/बिन/टिपण' असा पत्ता दिलात, तर टिपण नावाचं फोल्डर तयार होऊन फाइल त्याच्या पोटात जाते आणि कमांड चालत नाही. सोपा उपाय म्हणजे चालवायची फाइल कोडमध्येच विस्ताराशिवाय 'टिपण' या नावाने ठेवा.

प्रोग्रामला स्वतःची मेकफाइल असेल आणि तिने बसवलेली एखादी फाइल तुम्ही कुठल्याच यादीत लिहिली नसेल, तर कॉम्पॅट १३ मध्ये बांधणी तिथेच थांबते. वैतागू नका. आधीच्या काळी अशा फाइल्स गुपचूप गळायच्या.

बांधणी आणि झडती

कोडच्या फोल्डरमध्ये उभं राहून 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' चालवा, सोबत उणे यूएस, उणे यूसी आणि उणे बी. म्हणजे सही नको आणि फक्त बसवायची पॅकेजं हवीत. तयार फाइल्स एक पायरी वर, बाहेरच्या फोल्डरमध्ये पडतात. पहिल्या वेळी मी त्या आतच शोधत बसलो होतो.

डेब फाइल म्हणजे काही गूढ नाही. 'एआर' या जुन्या पद्धतीची ती पेटी, आत तीन वस्तू: आवृत्ती सांगणारी छोटी मजकूरफाइल, नियंत्रणाची माहिती, आणि खरा माल. 'डीपीकेजी-डेब'ला मोठा आय देऊन माहिती बघा, छोटा सी देऊन फाइलींची यादी. इन्स्टॉल्ड-साइज किबीबाइटमध्ये असते. मूळ पॅकेजचा आकडा डोळ्यांना खटकला तर यादीत चुकून ओसीआरच्या चाचणीचे फोटो शिरले आहेत का ते पाहा. माझे शिरले होते.

मग लिंटियन, म्हणजे पॅकेजातल्या चुका शोधणारं हत्यार. तो खडूस मास्तरांसारखा आहे, पण बहुतेक वेळा बरोबर असतो. ई ने सुरू होणाऱ्या तक्रारी सोडवाच. डब्ल्यूच्या वाचा आणि ठरवा. मॅनपेज (कमांडचं मदतपान) नाही म्हणून तो कुरकुरेल. एक पानाचं लिहून टाका.

खरी परीक्षा तुमच्या मशीनवर होऊच शकत नाही, कारण तिथे सगळं आधीच आहे. एका व्हर्च्युअल मशीनवर कोरं डेबियन घ्या आणि या क्रमाने जा. आधी फक्त मूळ पॅकेज, 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावून. उघडतं का? मग ओसीआर. मेन्यू आला का, छापील मराठी पान वाचलं का? मग ओसीआर काढा. प्रोग्राम पुन्हा शांतपणे उघडला पाहिजे. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमक्या तिथेच जुन्या सेटिंगमध्ये प्लगइनचं नाव राहिल्याने प्रोग्राम कोसळतो.

बसवताना 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल' वापरा आणि फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्या. ती नसेल तर अ‍ॅप्ट ते रेपॉझिटरीतलं, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातलं, नाव समजतं. 'डीपीकेजी उणे आय' (प्रत्यक्ष फाइल उलगडून बसवणारी खालची कमांड) डिपेंडन्सी आणून देत नाही, नुसतं ओरडतं.

डेस्कटॉपवर दिसायला हवं

'यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स'मध्ये डेस्कटॉप फाइल आणि 'हायकलर' आयकॉन-थीमच्या फोल्डरमध्ये एसव्हीजी आयकॉन, दोन्ही मूळ पॅकेजात. डेस्कटॉप फाइलमध्ये नेम या ओळीखाली चौकोनी कंसात 'एमआर' लावून मराठी नाव द्या; मराठी डेस्कटॉप वापरणाऱ्याला मेन्यूत 'टिपण' देवनागरीत दिसेल. आयकॉनच्या ओळीत नुसतं नाव, विस्तार नको.

सॉफ्टवेअरच्या दुकानातून, म्हणजे नोम सॉफ्टवेअरसारख्या खिडकीतून, बसवणाऱ्यांसाठी अ‍ॅपस्ट्रीमची मेटाइन्फो फाइल (दुकानाला प्रोग्रामची ओळख सांगणारी) लागते. प्लगइनची मेटाइन्फो वेगळी करून तिचा प्रकार 'अ‍ॅडऑन' ठेवा आणि 'एक्स्टेंड्स'मध्ये मूळ प्रोग्रामची ओळख लिहा. मग दुकानात प्लगइन सुटं न दिसता टिपणच्या पानावर खाली दिसतं. टर्मिनल न उघडणाऱ्या माणसाला प्लगइन सापडण्याचा हाच खरा रस्ता. पण हे चालतं ते पॅकेज रेपॉझिटरीत असलं आणि त्या रेपॉझिटरीने ही माहिती पुरवली तरच; नुसती डेब फाइल पेनड्राइव्हवर दिली तर नाही.

पेनड्राइव्हवरूनच द्यायचं असेल तर आणखी एक सांगतो. मूळ आणि प्लगइन दोन्ही फाइल्स एकाच अ‍ॅप्ट कमांडमध्ये द्या, म्हणजे ते एकमेकांना ओळखतील. टिपण-पूर्ण एकटं देऊ नका. रेकमेंड्समधली नावं कुठेच सापडली नाहीत तर अ‍ॅप्ट ती सोडून पुढे जातं आणि माणसाला वाटतं सगळं बसलं. चार-पाचहून जास्त मशीन असतील तर 'रेप्रेप्रो'ने छोटी रेपॉझिटरी करा. ती साध्या फाइलींची असते, कुठल्याही वेबसर्व्हरवर राहते. सहीची चावी मात्र 'साइन्ड-बाय'ने त्या एकाच रेपॉझिटरीला बांधा. जुन्या लेखांतला 'अ‍ॅप्ट-की'चा रस्ता आता बंद झाला आहे.

फ्लॅटपॅकमध्येही प्लगइनसाठी 'एक्स्टेन्शन'ची सोय आहे, आणि एकच पॅकेज अनेक वितरणांवर चालतं हा मोठा फायदा. पण पहिल्या प्रोग्रामसोबत त्याचा रनटाइम, म्हणजे चालण्यासाठी लागणारा पाया, उतरतो, आणि तो वहीपेक्षा कितीतरी जड. शाळेसाठी मी डेबवरच राहिलो.

दुसऱ्या आवृत्तीचा घोळ

माझ्या १.० मध्ये गिटची फाइल मूळ पॅकेजातच होती. १.१ मध्ये ती टिपण-प्लगइन-गिटमध्ये हलवली आणि एका जुन्या मशीनवर बसवायला गेलो. डीपीकेजी म्हणालं, ही फाइल दुसऱ्या पॅकेजच्या मालकीची आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही. बरोबरच आहे त्याचं. एका फाइलचा मालक एकच.

फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात जाते तेव्हा ती घेणाऱ्या पॅकेजात दोन ओळी लागतात: ब्रेक्स आणि रिप्लेसेस. दोन्हींत टिपण, १.१-१ टिल्ड पेक्षा जुनं, असं लिहायचं (उण्यानंतरचा १ हा पॅकेजच्या बांधणीचा क्रमांक). 'त्याहून जुनं' दाखवायला दोन वेळा 'पेक्षा लहान' चिन्ह द्यावं लागतं. रिप्लेसेसमुळे मालकी बदलते, ब्रेक्समुळे जुनं टिपण आणि नवं प्लगइन एकत्र नांदत नाहीत. त्या प्लगइनला नवीन टिपण लागतंच, मग हे कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण डीपीकेजी पॅकेजं एकामागून एक उलगडतं आणि प्लगइन आधी उलगडलं गेलं तर जुनी फाइल अजून जागेवरच असते.

माणसांच्या बाजूने आणखी एक अडचण उरते. जो १.० मध्ये गिट वापरत होता, त्याची सोय १.१ ला अचानक गायब होते. म्हणून एका आवृत्तीपुरतं गिटचं प्लगइन मूळ पॅकेजच्या रेकमेंड्समध्ये ठेवा, डेबियन फोल्डरमधल्या 'न्यूज' फाइलमध्ये दोन ओळी लिहा, आणि १.२ ला ते सजेस्ट्समध्ये उतरवा. शाळेत गिट कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे तिथे थेट १.२ बसवली. या वेळी अ‍ॅप्टची यादी चार ओळींची होती, त्यात एक लोहित.